कमरेखालचा विनोद आणि सैल भाषा: लिखाणात काय ठेवावं, काय खोडावं

काही वर्षांपूर्वी मी संगणकावरच्या फायलींची जादा प्रत कशी जपावी यावर चार पानांचं माहितीपत्रक लिहिलं. विषय रुक्ष होता, म्हणून ठरवून त्यात गंमत घातली. ‘जुनी प्रत पुसण्याआधी नवी प्रत उघडून पाहा’ ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची सूचना होती. तिच्या लगेच आधी मी हागवण लागलेल्या माणसावर एक विनोद टाकला, घाईत कडी न लावता आत शिरणाऱ्या माणसाचा. लोक खूप हसले. भेटले की तो विनोद मला ऐकवायचे. त्यातल्याच दोघांनी नवी प्रत न उघडता जुनी पुसून टाकली, आणि एकीचं वर्षभराचं काम गेलं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “कडीचं वाक्य आठवतंय. त्याच्या पुढचं वाचल्याचंच आठवत नाही.”

लिखाणात वाह्यातपणा असावा की नसावा, हा वाद बहुतेक वेळा सभ्यतेवर येऊन थांबतो. एक बाजू म्हणते शोभत नाही, दुसरी म्हणते सोवळेपणा पुरे. त्या प्रसंगानंतर मला यातली कुठलीच बाजू उपयोगाची वाटेनाशी झाली. वाक्य ज्या कामासाठी लिहिलं ते काम विनोदामुळे नीट झालं की बिघडलं, एवढं मी बघतो. खालच्या पायऱ्या मी स्वतःच्या आणि इतरांच्या मसुद्यांवर वापरतो.

पहिली पायरी: दोन रंगांच्या पेन्सिली घ्या

सैल भाषा आणि वाह्यात विनोद यांना लोक एकाच टोपलीत टाकतात. ‘फार अनौपचारिक लिहिलंय’ असा शेरा आला की लेखक दोन्ही खोडतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैल भाषा म्हणजे लिहिणारा वाचकाच्या किती जवळ बसून बोलतोय ते. वाह्यात विनोद म्हणजे चारचौघांत न उच्चारायच्या गोष्टींना, म्हणजे शरीर, संडास, संभोग, शिव्या यांना हात घालून हसू काढणं. अत्यंत औपचारिक भाषेत घाणेरडा विनोद करता येतो, आणि एकही आक्षेपार्ह शब्द न वापरता घरच्यासारखं बोलता येतं.

म्हणून मसुदा छापून घ्या. बोलण्यासारखी वाटणारी वाक्यं एका रंगाने अधोरेखित करा, आणि जिथे हसू शरीरावर, घाणीवर, शिवीवर किंवा कुणाच्या व्यंगावर बेतलंय ते दुसऱ्या रंगाने. टीका बहुतेक वेळा दुसऱ्या रंगावर झालेली असते आणि घाबरलेला लेखक पहिला रंग पुसतो. मग ‘सदर बाब निदर्शनास आणून देण्यात येत आहे’ असली वाक्यं जन्माला येतात. टीकाही राहते आणि वाचकही जातो.

दुसरी पायरी: सैल भाषा ठेवा, पण तिची पट्टी ठरवा

माझं मत स्पष्ट आहे: समजावून सांगायच्या लिखाणात सैल भाषा बहुतेक वेळा मदतच करते. रोक्साना मोरेनो आणि रिचर्ड मेयर यांनी २००० साली विज्ञानाचा तोच धडा दोन तऱ्हेने शिकवून पाहिला. एकात शिकणाऱ्याला थेट ‘तुम्ही’ म्हणून बोलल्यासारखी वाक्यं होती, दुसऱ्यात तटस्थ निवेदन. बोलल्यासारखा धडा मिळालेल्यांनी नवी उदाहरणं जास्त चांगली सोडवली. कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटलं की आपण समजून घ्यायला जास्त झटतो, असं मेयर त्याचं कारण देतात. डॅनियल ओपेनहायमर यांनी २००६ साली दाखवलं की गरज नसताना जड शब्द वापरणारा लेखक वाचकाला कमी हुशार वाटतो. भारदस्त दिसण्यासाठी केलेली धडपड उलटी पडते.

पण सैलपणाला मर्यादा असतेच. एकच सूचना तीन पट्ट्यांत वाचा.

‘सदर झडप उघडण्यापूर्वी दाब शून्य असल्याची खातरजमा करण्यात यावी.’

‘झडप उघडण्याआधी काटा शून्यावर आहे ना ते बघा. नाहीतर गरम वाफ थेट तोंडावर येईल.’

‘तर मंडळी, आता ती झडपबिडप उघडायची, पण थांबा हं, आधी काटाबिटा बघून घ्या, नाहीतर वाट लागेल बरं का!’

पहिल्या वाक्यात कुणी काय करायचं ते कर्मणी प्रयोगाखाली दबून गेलंय. तिसरं वाक्य सगळ्यात मोकळं वाटतं, पण त्यातून वाफच गायब आहे. ‘वाट लागेल’ म्हणजे नक्की काय होईल? चेहरा भाजेल, की यंत्र बंद पडेल? बोलताना आपण हातवारे करतो, चेहरा करतो, त्यामुळे ‘वाट लागेल’ पुरतं. कागदावर ते माहितीची जागा अडवून बसतं. ‘झडपबिडप’, ‘काटाबिटा’ अशा जोड्यांचंही तेच: त्या नेमक्या वस्तूला धूसर करून ‘आणि तसलंच काहीतरी’ असा अर्थ चिकटवतात, आणि सूचनेत धूसरपणा चालत नाही. दुसरं वाक्य बोलीतलंच आहे आणि त्यात एकही अक्षर वाया गेलेलं नाही.

मराठीत पट्टी ठरवताना दोन गोष्टी लिहायला बसण्याआधीच पक्क्या करा.

एक, संबोधन. ‘तू’ वाचकाला एकदम जवळ ओढतो, पण वयाने मोठ्या, अनोळखी वाचकाला तो टोचतो, आणि एकदा टोचलं की त्याचं निम्मं लक्ष त्या अपमानाकडे राहतं. ‘आपण’ फसवा आहे, कारण त्याचे दोन अर्थ होतात: आदरार्थी ‘तुम्ही’ आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’. ‘आपण अर्ज भरावा’ आणि ‘आता आपण अर्ज भरू’ ही दोन्ही वाक्यं एका पानावर आली की काम कुणी करायचं ते कळत नाही. मार्गदर्शक लेखाला ‘तुम्ही’ सगळ्यात सुरक्षित. अधूनमधून ‘आता पुढचा स्क्रू सैल करूया’ म्हटलं की सोबतही वाटते.

दोन, ‘केलं’ की ‘केले’. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुस्वाराची रूपं संभाषणापुरती, पात्रांच्या तोंडी ठेवली आणि इतरत्र एकारान्त रूपं सांगितली. आज ललित आणि माहितीपर लिखाणात ‘केलं, झालं, होतं’ सर्रास चालतं, आणि मला ते योग्य वाटतं, कारण वाक्याला बोलण्याचा श्वास मिळतो. मात्र एकाच परिच्छेदात ‘मी पाहिलं’ आणि ‘त्यांनी सांगितले’ आलं की दोन माणसं लिहितायत असं वाटू लागतं. जे निवडाल ते शेवटपर्यंत पाळा. अर्ज, करार, कार्यालयीन पत्र असेल तर ‘केले’.

हसणाऱ्या चेहऱ्यांची चिन्हं, ‘हाहाहा’ आणि ओळीने तीन उद्गारचिन्हं काढून टाका. विनोद चांगला असेल तर त्यांची गरज पडत नाही.

तिसरी पायरी: वाचक कुठल्या अवस्थेत वाचणार?

आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं, पैसे बुडणं, अंगावर आलेली कायदेशीर नोटीस. अशा वेळी वाचणारा माणूस तुमच्याकडे हसायला आलेला नसतो. तिथे वाह्यात विनोद पूर्ण बंद, एकही अपवाद न करता. सैल भाषा मात्र तिथेच सगळ्यात जास्त हवी असते, कारण घाबरलेल्या माणसाला छोटी, ओळखीची वाक्यं लवकर कळतात.

चौथी पायरी: विनोद उचलून बाजूला ठेवा आणि खाली काय उरतं ते बघा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. दुसऱ्या रंगाने अधोरेखित केलेलं एकेक वाक्य काढा आणि परिच्छेद पुन्हा वाचा. मुद्दा आधीपेक्षा कमी कळतोय का? मग विनोद राबत होता, त्याला ठेवा. मुद्दा तेवढाच किंवा जास्त स्वच्छ कळतोय का? मग तो नुसता पाहुणा होता.

भाषेत रुळलेले शब्द बघितले की हे पटतं. ‘शेंबड्या पोरालाही कळेल’, ‘ढुंगणाला पाय लावून पळाला’. दोन्हीत शरीर आहे, घाण आहे, तरी वाचक अडखळत नाही, कारण त्या शब्दांनी एक चित्र उभं राहतं. पळताना टाचा मागे ढुंगणापर्यंत उडतायत, हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत इतक्या थोडक्यात सांगता येईल? शब्द अशिष्ट असला तरी इथे तो राबतो.

आता मसुद्यातलं उदाहरण घेऊ. संडासाच्या भांड्याखालची नळी वाकडी का असते, हे समजवायचंय. हा बाक १७७५ साली अलेक्झांडर कमिंग यांनी पेटंट घेतलेल्या संडासात होता, आणि त्याचं तत्त्व आजही तेच आहे: वाकड्या नळीत थोडं पाणी अडून राहतं आणि गटारातला वायू घरात येऊ देत नाही. एका लेखकाने लिहिलं, ‘हा बाक नसता तर घरात सतत सासरेबुवा पादतायत असं वाटलं असतं.’ हसू येतं. पण वाक्य संपल्यावर डोक्यात सासरे राहतात आणि पाणी कुठे अडतं ते कळत नाही. हेच असं लिहिता येईल: ‘गटारातली घाण आणि तुमचं नाक यांच्यामध्ये फक्त एवढंच उभं आहे: बाकात अडलेलं, दोन-तीन ओंजळी पाणी.’ घाण आहे, नाक आहे, किंचित हसूही आहे, आणि वाचक ते हसू आठवायला गेला की त्याला पाणीच आठवतं. संडासाबद्दल लिहिताना घाणीचं नाव टाळणं हाही दोषच आहे, कारण वाचकाला मग अंदाज बांधत बसावं लागतं.

सासरेबुवांसारखा विनोद का घातक ठरतो, याचा माग शिक्षणाच्या अभ्यासकांनी फार पूर्वी काढलाय. रूथ गार्नर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवलं की मजकुरात मनोरंजक पण मुद्द्याशी संबंध नसलेले तपशील घातले की वाचकांना मुख्य मुद्दे कमी आठवतात. तपशील जितका चटकदार, तितका तो लक्ष पळवतो, आणि वाह्यात विनोद तर सगळ्यात चटकदार. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा.

मुळात विनोद विनोद कधी वाटतो? पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलं की काहीतरी मोडलं जातंय, आणि तरीही ते निरुपद्रवी आहे, या दोन्ही भावना एकाच वेळी झाल्या तरच हसू येतं. काहीच मोडलं नाही तर विनोद पांचट. निरुपद्रवी वाटलं नाही तर किळस किंवा राग. या दोन कडांमधली फट प्रत्येक वाचकासाठी वेगळ्या रुंदीची असते. मित्रांच्या कट्ट्यावर तुम्हाला ती नेमकी माहीत असते, अनोळखी वाचकासमोर तुम्ही ती अंधारात चाचपत असता. म्हणून ज्या लिखाणाचे वाचक कमी आणि ओळखीचे, तिथे जास्त सूट घ्या, आणि जिथे वाचक विखुरलेले, तिथे विनोद थोडा आधीच थांबवा.

पाचवी पायरी: हसण्याची किंमत कोण मोजतंय?

प्रत्येक विनोदाच्या खाली एक नाव लिहा: हा कुणाला लागतोय? परिस्थितीला लागत असेल, स्वतः लिहिणाऱ्याला किंवा मग्रूर सत्तेला लागत असेल, तर पुढे जा. कुणाच्या जाडपणाला, रंगाला, तोतरेपणाला, जातीला किंवा गरिबीला लागत असेल तर खोडा. मी हे नुसत्या भलेपणापोटी सांगत नाही. त्या वर्णनात बसणारा वाचक त्याच ओळीला लेख मिटतो, आणि तुम्हाला ते कधी कळतही नाही. मार्गदर्शक लेखात स्वतःची टवाळीही बेताने करा. ‘मी गाढव आहे, मला काही कळत नाही’ असं तीनदा म्हटलं की वाचक चौथ्या सूचनेवर विश्वास ठेवायला कचरतो.

सहावी पायरी: जागा

माझ्या माहितीपत्रकातली चूक मुख्यतः जागेची होती. कॅरन आर्नेल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली छापलेल्या प्रयोगांत पडद्यावर एकामागून एक शब्द वेगाने झळकत होते. मध्ये लैंगिक शब्द आला की त्याच्या मागून लगेच येणारा, नेमका शोधायला सांगितलेला शब्द लोकांच्या नजरेतून सुटायचा. पान वाचणं त्याहून पुष्कळ संथ असतं, तरी ‘त्याच्या पुढचं वाचल्याचंच आठवत नाही’ हे वाक्य मी कानांनी ऐकलंय. दुसरीकडे, निषिद्ध शब्द स्वतः मात्र घट्ट लक्षात राहतात, हे डोनाल्ड मॅके आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं.

या दोन्हींतून कामाचा नियम निघतो. धोक्याची सूचना, आकडा, तारीख, औषधाचं प्रमाण यांच्या लगेच आधी विनोद ठेवू नका. सूचना आधी, विनोद नंतर, आणि मध्ये निदान एक परिच्छेद. त्याहून चांगला मार्ग म्हणजे विनोद सूचनेतच विणणं, म्हणजे जे आठवेल ते कामाचंच असेल. मात्र याला मेहनत पडते. मला एका वाक्यासाठी कधी कधी अर्धा दिवस लागतो.

सातवी पायरी: शिवी

शिवीने कधीच फायदा होत नाही असं नाही. कोरी शेरर आणि ब्रॅड सॅगारिन यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना फी कमी करण्याच्या बाजूचं एक भाषण दाखवलं. सुरुवातीला किंवा शेवटी एक सौम्य शिवी असलेलं भाषण जास्त पटलं, आणि वक्ता मनापासून बोलतोय असं वाटलं. त्यातल्या अटी नीट बघा: एकच शब्द, तोही सौम्य, आणि मुद्दा ऐकणाऱ्यांना आवडण्यासारखा. दर ओळीला शिवी घातली की मनापासूनपणाची खूण उरत नाही, नुसती सवय दिसते.

आपल्या काव्यशास्त्राने याचा विचार बारकाईने केलाय. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट त्याच्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात अश्लील दोषाचे तीन प्रकार सांगतो: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल सुचवणारा. तुमच्या वाक्याने यांपैकी नेमकं काय होतंय ते स्वतःला विचारा, कारण किळस आणि लाज यांवरचे उपाय वेगळे असतात. किळस बहुधा तपशील कमी केला की जाते. लाज शब्द बदलला की जाते. अमंगल मात्र प्रसंगामुळे येतं, तिथे वाक्यच काढावं लागतं. ग्राम्य शब्द हलक्या पात्राच्या तोंडी आला तर तो गुण ठरतो, असंही याच परंपरेत म्हटलंय. निवेदकाच्या तोंडची शिवी आणि पात्राच्या तोंडची शिवी यांना एकाच मापाने मोजू नका.

‘च्यायला’ म्हणताना कुणाला आई आठवत नाही, कारण शब्द झिजलाय. पण न झिजलेल्या बहुतेक शिव्या भांडणात नसलेल्या बाईच्या अंगावर जातात, समोरच्याच्या आईच्या किंवा बहिणीच्या. वाचणाऱ्या बाईला ते लागतं, आणि ‘आमच्याकडे असंच बोलतात’ म्हटल्याने ते कमी होत नाही.

फुल्या मारून अर्धी शिवी लिहू नका. वाचक ती मनात पूर्ण उच्चारतोच, वर लेखकाला धीर झाला नाही हेही त्याला दिसतं. लिहा किंवा लिहू नका.

एक जागा मात्र अशी आहे जिथे शब्द सौम्य करणं चूक ठरतं: तक्रार, जबाब, छळाचं वर्णन. ‘त्यांनी मला अपशब्द वापरले’ याने काय घडलं ते वाचणाऱ्याला कळत नाही. नेमका शब्द अवतरणात, तारखेसह, काहीही न जोडता लिहा. तिथे तो शब्द म्हणजे पुरावा.

आठवी पायरी: दुसऱ्याच्या हातात द्या

जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ईमेलवर एक प्रयोग केला. आपला उपरोध वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा कळला, म्हणजे नाणेफेकीहून किंचित बरा. लिहिताना आपला सूर आपल्याच कानात वाजत असतो, कागदावर तो उतरलाय असा आपला समज होतो.

मसुदा एक रात्र ठेवा. मग तिघांना द्या: एक तुमच्या वयाचा, एक तुमच्याहून बराच मोठा, एक विषयाला नवखा. ‘हसू आलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी कागद समोर नसताना विचारा, ‘यात काय करायला सांगितलंय?’ विनोद आठवला आणि सूचना आठवली नाही तर पुन्हा सहाव्या पायरीवर या. शक्य झालं तर मोठ्या वयाच्या वाचकाला मोठ्याने वाचायला सांगा. जिथे आवाज खाली जातो, किंवा वाक्य गिळलं जातं, तिथे खूण करा.

छापून झाल्यावर कुणी दुखावलं गेलं तर त्यांना ‘विनोद समजून घ्या’ असं सांगू नका. ओळ बदला, बदलली हे कळवा, आणि तीच चूक लेखात आणखी कुठे आहे का ते त्याच दिवशी शोधा.

माहितीपत्रकाची दुसरी आवृत्ती काढताना मी हागवण काढली आणि कडी ठेवली. वाक्य असं झालं: ‘नवी प्रत उघडून पाहिल्याशिवाय जुनीला हात लावू नका. संडासाची कडी लागली की नाही ते आतून एकदा ढकलून बघतो, तसं.’ पहिला कागद मी त्या वर्षभराचं काम गमावलेल्या मैत्रिणीलाच दिला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “ढकलून बघितली,” ती म्हणाली. “लागली आहे.”